राजाची सनद, मूळ रहिवाशांचे खरेदीखत आणि प्रत्यक्ष वहिवाट : वसाहतकालीन अमेरिकेतील जमिनीचे तंटे

चतुःसीमा (धागाकर्ता)

शाळेतल्या पुस्तकांमुळे अमेरिकेतील वसाहतींचा इतिहास आपल्या डोक्यात चहाच्या पेट्यांपासून आणि करांच्या भांडणापासून सुरू होतो. पण त्याआधीची शंभराहून अधिक वर्षे तिथला शेतकरी ज्या कारणासाठी कोर्टाची पायरी चढत होता, प्रसंगी तुरुंगही फोडत होता, ते कारण म्हणजे जमिनीची मालकी. या तंट्यांविषयी वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली, ती मांडून चर्चा सुरू करतो.

हा वाद 'गोऱ्यांनी मूळ रहिवाशांची जमीन बळकावली' एवढ्यावर संपत नाही. एकाच तुकड्यावर तीन वेगवेगळ्या मार्गांनी हक्क सांगितला जात असे. पहिला मार्ग इंग्लंडच्या राजाच्या सनदेचा, दुसरा मूळ रहिवाशांच्या प्रमुखांकडून करून घेतलेल्या खरेदीखताचा आणि तिसरा जंगल तोडून, कुंपण घालून, दोन पिढ्या नांगर चालवल्याचा, म्हणजे वहिवाटीचा. या तिन्हींपैकी कोणता हक्क श्रेष्ठ, याचे सर्वांना मान्य होईल असे उत्तर वसाहतींच्या कायद्याजवळ नव्हते. ज्याच्या हातात दफ्तर, मोजणीची साखळी आणि न्यायाधीशाची खुर्ची असे, त्याचा कागद खरा ठरे. आणि पुढच्या तंट्यात तोच पक्ष नेमका उलटा युक्तिवाद करायलाही कचरत नसे.

न्यू जर्सीचे उदाहरण घ्या. मार्च १६६४ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने आपला भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, याला डचांच्या ताब्यातील मुलूख देऊन टाकला. तो मुलूख अजून जिंकायचाच होता. ते काम रिचर्ड निकल्सकडे सोपवले गेले. निकल्स मोहिमेवर असतानाच, जूनमध्ये, जेम्सने हडसन आणि डेलावेअर या नद्यांच्या मधला भाग लॉर्ड बर्कली आणि सर जॉर्ज कार्टरेट या आपल्या दोन मर्जीतल्या सरदारांना लिहून दिला. निकल्सला याची वार्ता नव्हती. त्याने न्यू अ‍ॅम्स्टरडॅम घेतले आणि लाँग आयलंडवरच्या काही कुटुंबांना मूळ रहिवाशांकडून जमीन विकत घेण्याची परवानगी दिली. २८ ऑक्टोबर १६६४ च्या त्या खरेदीखतातील मोबदला वाचण्यासारखा आहे : वीस वाव कापड, शिवलेले दोन कोट, दोन बंदुका, दोन किटल्या, शिशाच्या दहा कांबी, बंदुकीची वीस मुठी दारू, आणि वर्षभराने शिंपल्यांच्या पांढऱ्या मण्यांच्या चारशे वाव माळा. निकल्सने हे खत मंजूर केले आणि त्या जमिनीवर एलिझाबेथटाउन वसले.

पुढच्याच वर्षी बर्कली-कार्टरेट यांचा गव्हर्नर येऊन दाखल झाला, आणि १६७० पासून मालकांच्या वतीने एकरी अर्धा पेनी सारा मागितला जाऊ लागला. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, आम्ही जमीन विकत घेतली, तुमच्या गव्हर्नरने नव्हे तर ड्यूकच्याच अधिकाऱ्याने ती मंजूर केली, मग सारा कसला? हे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालले. सप्टेंबर १७४५ मध्ये सॅम्युएल बाल्डविन या शेतकऱ्याला मालकमंडळाच्या (बर्कली-कार्टरेट यांचे हक्क पुढे ज्यांच्याकडे आले त्या भागीदारांच्या मंडळाच्या) जमिनीवरील लाकूड तोडल्याच्या आरोपाखाली नेवार्कच्या तुरुंगात टाकले, तेव्हा जमावाने तुरुंग फोडून त्याला सोडवले. त्याच वर्षी मालकमंडळाने एलिझाबेथटाउनच्या लोकांविरुद्ध चॅन्सरी न्यायालयात (न्यायबुद्धीच्या तत्त्वांवर निवाडा करणाऱ्या न्यायालयात) जी कैफियत दाखल केली, ती इतकी लांबलचक होती की १७४७ मध्ये ती नकाशांसह ग्रंथरूपाने छापली गेली. कैफियतीमागचे मुख्य डोके जेम्स अलेक्झांडर यांचे. ते मालकमंडळाचे भागीदार आणि भूमापन खात्याचे प्रमुखही होते. प्रांताचे मुख्य न्यायाधीश रॉबर्ट हंटर मॉरिस हेही भागीदारच. इतकी सगळी तयारी असूनही त्या दाव्याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही.

अन्य वसाहतींतील तंट्यांविषयी जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

साखळी-शंकू

धागा उत्तम. माझी सारी नोकरी मोजणी खात्यात गेली, त्यामुळे 'मोजणीची साखळी ज्याच्या हातात' हे शब्द वाचून पेनसिल्वेनियातील १७३७ सालची 'चालून केलेली खरेदी' आठवल्याशिवाय राहिली नाही. मोजणीच्या नावाखाली काय काय करता येते याचा तो नमुना आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

विल्यम पेन यांचा लौकिक असा की ते मूळ रहिवाशांशी सचोटीने वागले आणि राजाची सनद हाती असूनही त्यांनी लेनापी लोकांकडून जमिनी विकत घेतल्या. त्यांच्या मुलांच्या वेळी घराणे कर्जात बुडालेले होते. थॉमस पेन आणि त्यांचे कारभारी जेम्स लोगन यांनी १६८६ सालचे म्हणून एक जुने खत पुढे केले. मूळ दस्त नव्हताच. होती ती नक्कल, आणि तीही मोक्याच्या जागा कोऱ्या असलेली. खताचा आशय असा की एका ठरावीक बिंदूपासून माणूस दीड दिवसात जेवढा चालेल तेवढी जमीन पेन यांची. त्या भागात काही जमिनी आधीच परस्पर विकूनही झाल्या होत्या, म्हणजे खत शोधण्याची घाई कशासाठी झाली ते उघड आहे.

लेनापी प्रमुखांना जो नकाशा दाखवला, त्यात लीहाय नदी अशी काढली होती की पाहणाऱ्याला ती बरीच दक्षिणेकडील टोहिकन ओढा वाटावी. म्हणजे आपण देतो आहोत ती जमीन ओढ्यापर्यंतच संपते, असा त्यांचा समज व्हावा. ऑगस्ट १७३७ मध्ये नुटिमस, लाप्पाविन्सो आदी प्रमुखांनी त्या जुन्या खताला मान्यता देणाऱ्या दस्तावर आपल्या खुणा केल्या. दुसऱ्या बाजूने मालकपक्षाने आधीच एकदा गुपचूप चालून पाहिले होते आणि वाटेतील झाडेझुडपे तोडून पायवाट साफ करून ठेवली होती.

१९ सप्टेंबर १७३७ रोजी सूर्योदयाला राइट्सटाउन येथून तीन माणसे निघाली : एडवर्ड मार्शल, जेम्स येट्स आणि सॉलोमन जेनिंग्ज. तिघेही सराईत चालणारे, आणि सर्वांत दूर जाणाऱ्यास पाचशे एकर जमिनीचे आमिष होते. सोबत सामान वाहणारे घोडे होते. लेनापींचे जे साक्षीदार बरोबर होते ते वारंवार सांगत राहिले की हे चालणे नव्हे, हे पळणे आहे. आणि पहिल्या दिवसाच्या अखेरीस ते वैतागून निघून गेले. जेनिंग्ज पहिल्याच दिवशी थकून बाजूला झाला, येट्स दुसऱ्या दिवशी कोसळला, आणि मार्शल दुपारपर्यंत साठ मैलांहून अधिक अंतर कापून आजच्या जिम थॉर्प गावाजवळ पोहोचला.

मात्र माझ्या मते खरी लबाडी पायांनी झाली नाही, ती कागदावरच्या रेषेने झाली. मार्शल जिथे थांबला तिथून डेलावेअर नदीपर्यंतची हद्द कशी काढायची, हे खतात नव्हते. सरळ जवळच्या काठाला रेषा नेली असती तर क्षेत्र कितीतरी कमी भरले असते. मोजणीदारांनी चालण्याच्या दिशेला काटकोन करून रेषा ईशान्येकडे नेली, ती नदीला थेट लॅकावॅक्सनच्या परिसरात जाऊन मिळाली, आणि सुमारे बारा लाख एकर जमीन एका दस्तात गेली. जमिनीच्या हद्दीत गोलमाल करायचा असेल तर लांबीकडे सगळ्यांचे लक्ष असते, कोनाकडे कोणाचेच नसते, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

लेनापींनी जमीन सोडायला नकार दिला तेव्हा पेनसिल्वेनियाने आणखी एक युक्ती केली. १७४२ मध्ये फिलाडेल्फियातील सभेत इरोक्वॉय या मूळ रहिवासी जमातींच्या महासंघाचा वक्ता कानासाटेगो याच्याकडून लेनापींना जाहीरपणे खडसावले गेले की तुम्हाला जमीन विकण्याचा अधिकारच नाही, चालते व्हा. पुढे फ्रेंचांशी युद्ध पेटल्यावर विस्थापित लेनापी याच सरहद्दीवर चालून आले. एडवर्ड मार्शलची पत्नी अशाच एका हल्ल्यात मारली गेली. १७५६ च्या ईस्टन येथील वाटाघाटींत टीडियस्कंग या लेनापी नेत्याने पाय आपटून, हीच जमीन फसवणुकीने घेतली गेली, असे सर्वांसमक्ष सांगितले.

कुलमुखत्यार

साखळी-शंकू यांचा प्रतिसाद फार आवडला. मी वकिली करते, त्यामुळे कोर्टाच्या अंगाने थोडी भर.

धागाकर्त्यांनी सांगितलेल्या तीन मार्गांत एक चौथा गुंता धरावा लागेल : राजाच्या दोन सनदा परस्परांवर चढलेल्या असणे. इंग्लंडमध्ये बसून नकाशावर अक्षांश लिहून दिले की अमेरिकेत दोन शेतकरी एकमेकांवर बंदुका रोखत. मेरीलँडची सनद कॅल्व्हर्ट घराण्याला १६३२ मध्ये मिळाली, तिची उत्तर हद्द चाळिसाव्या अक्षांशाशी. पेन यांची सनद १६८१ ची. नीट मोजले तेव्हा लक्षात आले की खुद्द फिलाडेल्फिया चाळिसाव्या अक्षांशाच्या दक्षिणेला येते! मग सस्क्वेहॅना नदीकाठच्या शेतकऱ्याने सारा कोणाला द्यायचा? मेरीलँडच्या बाजूने थॉमस क्रेसॅप नावाचा दांडगा इसम तिथे ठाण मांडून बसला होता. १७३६ मध्ये पेनसिल्वेनियाच्या शेरीफने माणसे नेऊन त्याचे घर पेटवले आणि त्याला पकडून फिलाडेल्फियाला आणले. शहर पाहून 'मेरीलँडमधले हे गाव मोठे देखणे आहे' असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. वाद काय होता ते या एका वाक्यात आले.

त्याआधी १७३२ मध्ये दोन्ही घराण्यांचा करार झाला होता, पण सोबतच्या नकाशात केप हेन्लोपेन हे समुद्रकाठचे भूशिर खऱ्या जागेपेक्षा बरेच दक्षिणेला दाखवलेले होते आणि त्यात नुकसान कॅल्व्हर्ट यांचे होते. ते करार पाळेनात, तेव्हा पेन बंधू इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात गेले. १७५० मध्ये लॉर्ड हार्डविक यांनी निर्णय दिला : अमेरिकेतील जमिनीच्या मालकीचा निवाडा हे न्यायालय थेट करू शकत नसले, तरी करार करणारे दोन्ही पक्ष इंग्लंडमध्ये हजर आहेत आणि त्यांना व्यक्तिशः करार पाळण्यास भाग पाडता येते. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ चे परंतुक ज्या तत्त्वावर उभे आहे, ते हेच. पुढे १७६३ ते १७६७ या काळात चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांनी हद्द आखून इंग्लंडहून आणलेले दगड रोवले. दर मैलाच्या दगडावर एका बाजूस 'एम' आणि दुसऱ्या बाजूस 'पी', तर दर पाचव्या मैलाला दोन्ही घराण्यांची चिन्हे.

मूळ रहिवासी कोर्टात गेलेच नाहीत, असाही समज नसावा. कनेटिकटमधील मोहिगन लोकांनी वसाहत सरकारविरुद्ध थेट राणीकडे दाद मागितली. १७०५ मध्ये राणीने नेमलेल्या आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, वसाहतीने अपील केले, नंतरच्या आयोगाने तो निर्णय फिरवला, आणि १७७३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, मोहिगन अखेर हरले. पिढ्या सरल्या, पण दावा सोडला नाही.

हडसनकाठी

मी बरीच वर्षे हडसन नदीच्या खोऱ्यात राहतो. इथल्या जुन्या वाड्यांना पर्यटक येतात, बागा बघून जातात. त्या वाड्यांमागची जमीन कशी जमा झाली हे सांगणारे फलक मात्र फार थोडे.

लिव्हिंग्स्टन मॅनरचे, म्हणजे त्या घराण्याच्या जमीनदारी इस्टेटीचे, उदाहरण साखळी-शंकू साहेबांना आवडेल. रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांनी १६८० च्या दशकात मूळ रहिवाशांकडून दोन वेगवेगळ्या ठिकाणी जमिनी घेतल्या : एक नदीकाठी सुमारे २,००० एकर, दुसरी आत डोंगरांकडे सुमारे ६०० एकर. १६८६ मध्ये गव्हर्नर डाँगन यांनी जी सनद दिली तिच्यात हे दोन तुकडे परस्परांना लागून आहेत असे धरलेले होते. मधला सगळा मुलूख आपोआप आत आला आणि २,६०० एकरांची इस्टेट १,६०,००० एकरांची झाली. चतुःसीमेत एक शब्द इकडचा तिकडे करण्याची ही ताकद.

या इस्टेटींवर कुळे होती. पट्टा बहुधा दोन-तीन माणसांच्या हयातीपुरता. खंड गव्हात, शिवाय कोंबड्या आणि वर्षाकाठी ठरावीक दिवसांची वेठ. कुळाने जंगल तोडून घर बांधले, विहीर खणली आणि पट्टा दुसऱ्याला विकला, तर किमतीचा काही हिस्सा जमीनदाराचा. मॅसॅच्युसेट्स आणि कनेटिकटकडून आलेल्या शेतकऱ्यांना, ज्यांच्या गावांत प्रत्येकजण आपल्या तुकड्याचा मालक होता, हे पटणे शक्यच नव्हते.

दक्षिणेला फिलिप्स घराण्याची 'हायलँड' सनद होती, १६९७ ची. मूळची खरेदी नदीलगतच्या पट्ट्याची असताना सनद मात्र पूर्वेला कनेटिकटच्या हद्दीपर्यंत सांगितली जाई. तिथल्या वॉपिंगर लोकांचे पुरुष १७५० च्या दशकात इंग्रजांच्याच बाजूने फ्रेंचांविरुद्ध लढायला गेले आणि त्यांची कुटुंबे स्टॉकब्रिजला जाऊन राहिली. परत येऊन पाहतात तो त्यांच्या जमिनीवर फिलिप्स वारसांची कुळे. त्यांचा प्रमुख डॅनियल निम्हॅम याने वेगळाच मार्ग धरला : त्याने गोऱ्या शेतकऱ्यांनाच आपल्या वतीने दीर्घ मुदतीचे आणि नाममात्र खंडाचे पट्टे करून दिले. त्यामुळे शेतकऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला की आपण कोणाचे कूळ. १७६५ मध्ये प्रकरण न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपुढे व कौन्सिलपुढे आले, तेव्हा फिलिप्स पक्षाने १७०२ सालचे, त्याआधी कधी दप्तरी नोंदलेले नसलेले एक खरेदीखत बाहेर काढले. निकाल अर्थातच त्यांच्या बाजूने लागला. निम्हॅम १७६६ मध्ये लंडनला गेला, तिथून फेरसुनावणीचा आदेश मिळवून आला, आणि १७६७ मध्ये त्याच न्यूयॉर्कच्या कौन्सिलपुढे पुन्हा हरला.

इकडे १७६६ मध्ये बेदखल झालेल्या कुळांनी उठाव केला. विल्यम प्रेंडरगास्ट हा त्यांचा पुढारी. शेकडो माणसे जमवून त्याने बेदखल कुटुंबांना पुन्हा घरांत बसवले आणि तुरुंगातल्या कुळांना सोडवण्यासाठी न्यूयॉर्क शहराच्या वेशीपर्यंत मजल मारली. शेवटी सरकारी पलटण आली. ऑगस्टमध्ये पोकिप्सी येथे त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि देहाचे तुकडे करण्याची शिक्षा ठोठावली गेली. त्याची पत्नी मेहिटाबेल घोड्यावरून न्यूयॉर्कला गव्हर्नरकडे गेली आणि शिक्षेला स्थगिती घेऊन परतली. पुढे राजाने त्याला माफी दिली. या प्रकरणातला एक तपशील विसरता येत नाही. फाशी द्यायला कोणी माणूस मिळेना, म्हणून शेरीफने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आणि येणाऱ्याला चांगले बक्षीस व ओळखू न येण्यासाठी वेषांतराची सोय देऊ केली होती.

शंकेखोर

सर्वांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मला दोन शंका आहेत. पहिली : मूळ रहिवासी भोळे होते, त्यांना मालकी म्हणजे काय हे कळतच नव्हते आणि मण्यांच्या माळांवर त्यांनी मुलूख देऊन टाकला, हे चित्र कितपत खरे? निम्हॅम तर पट्टे करून देतो आहे, लंडनला जातो आहे. हा भोळा माणूस दिसत नाही. दुसरी : प्रेंडरगास्टसारख्या कुळांविषयी सहानुभूती वाटते हे ठीक, पण तेही शेवटी दुसऱ्याच्याच जमिनीवर बसलेले होते ना?

चतुःसीमा (धागाकर्ता)

शंकेखोर, आपली पहिली शंका रास्त आहे आणि भोळेपणाचे ते चित्र मलाही मान्य नाही. कोणते शेत कोणत्या कुटुंबाने कसायचे, मासेमारीची कोणती जागा कोणाची, याचे या समाजांत पक्के नियम होते. फरक होता तो हक्कांच्या रचनेत : कसण्याचा, शिकारीचा, मासे धरण्याचा हक्क वेगवेगळा देता येत असे आणि एकाच भूमीवर अनेकांचे हक्क नांदत असत. न्यू इंग्लंडमधील कित्येक खरेदीखतांत विकणाऱ्यांनी शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला आढळतो. कागदावर तो राहिला, पण इंग्रजांनी कुंपणे घातली, ओढ्यांवर गिरण्यांसाठी बांध घातले, आणि त्या हक्काला अर्थ उरला नाही.

दुसरे मोठे कारण गुरांचे. १६७५ मध्ये, न्यू इंग्लंडमधील इंग्रज आणि मूळ रहिवासी यांच्यातील युद्धाला तोंड फुटण्याच्या सुमारास, वॉम्पनोग प्रमुख मेटाकॉम आणि त्याच्या माणसांनी ऱ्होड आयलंडच्या जॉन ईस्टनपुढे जी गाऱ्हाणी मांडली, त्यांत एक हे होते की इंग्रजांपासून तीस मैल दूर जाऊन राहिले तरी त्यांची गुरेढोरे मक्यात शिरतात, आणि आम्हाला तर कुंपण घालण्याची सवय नाही. विकलेली जमीन एवढी आणि गमावलेली एवढी, यांच्यातले अंतर बऱ्याचदा या जनावरांनी तुडवले आहे.

आणि विकणाऱ्यांतही सगळे निष्पाप नव्हते. साखळी-शंकू यांनी १७४२ च्या सभेचा उल्लेख केला. तेच इरोक्वॉय १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्स येथे १०,४६० पौंडांहून अधिक मोबदला घेऊन ओहायो नदीच्या दक्षिणेचा विस्तीर्ण प्रदेश इंग्रजांना देऊन मोकळे झाले. त्या प्रदेशात शिकार करणारे होते शॉनी आणि चेरोकी. इरोक्वॉयांनी स्वतःची गावे वाचवली, किंमतही घेतली, आणि युद्ध शॉनींच्या दारात गेले. इंग्रजांना अशाच विक्रेत्याची गरज होती.

दुसऱ्या शंकेवर माझे मत असे की कुळांची बाजू जमीनदाराविरुद्ध न्याय्य होती आणि वॉपिंगरांविरुद्ध नव्हती. दोन्ही खरे आहे. हडसन खोऱ्यात काही काळ दोघांचा शत्रू एकच होता, एवढेच.

हिरवे डोंगर

व्हर्मॉन्टचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. इथे मालकी विकणारे दोन्हीही राजाचेच गव्हर्नर होते.

न्यू हॅम्पशरचे गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ यांनी १७४९ पासून कनेटिकट नदीच्या पश्चिमेला गावेच्या गावे वाटून टाकली. पहिल्या गावाला स्वतःचे नाव दिले, बेनिंग्टन, आणि प्रत्येक गावात ५०० एकर स्वतःसाठी राखले. १७६४ पर्यंत अशी शंभराहून अधिक गावे झाली. न्यूयॉर्कचे म्हणणे की हा भाग आमचा. जुलै १७६४ मध्ये राजाच्या कौन्सिलने नदीचा पश्चिम काठ ही हद्द ठरवून न्यूयॉर्कच्या बाजूने निर्णय दिला. पण ही हद्द आजपासून, की आधीपासूनच? या एका मुद्द्यावर हजारो एकर टांगणीला लागले. न्यूयॉर्कने 'आधीपासूनच' असा अर्थ लावला, जुन्या खातेदारांकडे नव्याने सनद घेण्याचा आग्रह धरला आणि त्याच जमिनी दुसऱ्यांना विकल्या. न्यू हॅम्पशरचा सारा शंभर एकरांना एक शिलिंग, तर न्यूयॉर्कचा अडीच शिलिंग. सनदेची फी वेगळी.

जून १७७० मध्ये ऑल्बनीला ताब्याचे दावे चालले. न्यायासनावर रॉबर्ट आर. लिव्हिंग्स्टन, म्हणजे वर आलेल्या त्याच घराण्यातले. वादीच्या बाजूचे जेम्स ड्वेन आणि जॉन टेबर केंप यांच्या स्वतःच्या नावावर न्यूयॉर्कच्या सनदेच्या वादग्रस्त जमिनी. न्यायालयाने न्यू हॅम्पशरच्या सनदा पुराव्यात घ्यायलाच नकार दिला, मग लढायला उरले काय? प्रतिवादींची व्यवस्था पाहणारा ईथन ॲलन परत गेला आणि पुढचा दावा डोंगरात चालवला. जुलै १७७१ मध्ये ऑल्बनीचा शेरीफ सुमारे तीनशे माणसे घेऊन बेनिंग्टनच्या जेम्स ब्रेकनरिज यांच्या शेताचा ताबा घ्यायला आला, तर शेतकरी बंदुका घेऊन घरात, कड्यावर आणि झाडीत बसलेले. शेरीफच्या माणसांपैकी बहुतेकांनी पुढे पाऊल टाकायलाच नकार दिला. न्यूयॉर्कच्या मोजणीदारांना बीच नावाच्या झाडाच्या फोकांनी झोडपून हाकलत. १७७७ मध्ये व्हर्मॉन्टने स्वतःला स्वतंत्र जाहीर केले, आणि १७९१ मध्ये संघराज्यात येताना न्यूयॉर्कच्या दावेदारांपोटी ३०,००० डॉलर मोजून प्रकरण मिटवले. तिथले मूळ रहिवासी असलेल्या अबेनाकी लोकांना या सगळ्यात कोणीही, कधीही पक्षकार केले नाही.

शंकेखोर

उत्तरांबद्दल आभार. व्हर्मॉन्टच्या प्रकरणात वहिवाट जिंकली, असे म्हणता येईल. पण मूळ रहिवाशांकडून थेट घेतलेले खरेदीखत कायद्याने चालते की नाही, याचा शेवटचा निर्णय कोणी दिला का? कुलमुखत्यार ताईंनी सांगावे.

कुलमुखत्यार

निर्णय झाला, आणि त्यात आपल्या बंगालच्या इतिहासाचाही एक धागा गुंतलेला आहे.

१७६३ च्या राजाज्ञेने अपालाचियन पर्वतांच्या पश्चिमेला खाजगी माणसांनी मूळ रहिवाशांकडून जमीन घेण्यास बंदी केली. जमिनीचा सट्टा करणाऱ्यांचे, ज्यांत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासारखी मातब्बर मंडळी होती, यामुळे मोठे नुकसान होणार होते. त्यांना तेव्हा एक कायदेशीर आधार सापडला. प्लासीच्या लढाईच्या वर्षी, १७५७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने राजाकडे अर्ज करून हिंदुस्थानात मिळणाऱ्या मुलखाच्या मालकीविषयी विचारणा केली होती. त्यावर अटर्नी जनरल चार्ल्स प्रॅट आणि सॉलिसिटर जनरल चार्ल्स यॉर्क यांनी अभिप्राय दिला की लढून जिंकलेला मुलूख राजाचा. पण मोगल बादशहाने किंवा हिंदी राजेरजवाड्यांनी तहाने वा देणगीने दिलेल्या मुलखाची मालकी कंपनीकडे जाते आणि त्यासाठी राजाच्या वेगळ्या सनदेची गरज नाही.

१७७० च्या दशकाच्या आरंभी या अभिप्रायाची एक नक्कल अमेरिकेत फिरू लागली. तिच्यातून मोगल बादशहा गायब होता आणि 'कंपनी'च्या जागी सरसकट 'देणगी घेणारे' आलेले होते. वाचणाऱ्याला वाटावे की हे अमेरिकेतील इंडियन लोकांविषयीच लिहिले आहे. विल्यम मरे यांनी १७७३ मध्ये इलिनॉयमधील कास्कास्किया येथे हीच नक्कल ब्रिटिश ठाणेदारापुढे ठेवली आणि राजाज्ञेची बंदी असतानाही मूळ रहिवाशांकडून प्रचंड मोठी जमीन खरेदी केली. १७७५ मध्ये वॉबॅश नदीच्या परिसरात आणखी एक खरेदी झाली.

या खरेद्यांचे वारसदार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, त्या 'जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश' खटल्याचा निकाल मुख्य न्यायमूर्ती जॉन मार्शल यांनी १८२३ मध्ये दिला. प्रॅट-यॉर्क अभिप्राय तिथेही मांडला गेला, आणि त्यातील शब्द पूर्वेकडील हिंदी राजांना लागू पडणारे आहेत, असे म्हणून मार्शल यांनी तो बाजूला सारला. निर्णय असा की युरोपीय सत्तेने 'शोध' लावताच भूमीची अंतिम मालकी त्या सत्तेकडे जाते. मूळ रहिवाशांकडे उरतो तो केवळ भोगवट्याचा हक्क, आणि तोही त्यांना सरकारशिवाय कोणाला विकता येत नाही. विशेष म्हणजे, वादी आणि प्रतिवादी यांच्या जमिनी एकमेकींवर येतच नव्हत्या, असे अलीकडच्या संशोधकांनी नकाशे जुळवून दाखवले आहे. न्यायालयाकडून तत्त्व वदवून घेण्यासाठी संगनमताने उभा केलेला तो दावा होता, आणि तो उभा करणारेच हरले.

साखळी-शंकू

फार मोलाची माहिती. मग या न्यायाने १७३७ च्या दीड दिवसाच्या चालीचे आज काय? लेनापींच्या वंशजांनी कधी दाद मागितली का?

कुलमुखत्यार

मागितली. ओक्लाहोमातील डेलावेअर नेशनने २००४ मध्ये पेनसिल्वेनियाविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. त्यांनी बारा लाख एकर मागितले नव्हते; टाटामी नावाच्या लेनापी प्रमुखाला पेन घराण्यानेच पुढे रीतसर दिलेली, ईस्टनजवळची ३१५ एकर जमीन मागितली होती. २००६ मध्ये अपील न्यायालयाने जॉन्सन प्रकरणापासून चालत आलेल्या तत्त्वाचा आधार घेऊन म्हटले की सार्वभौम सत्तेने मूळ रहिवाशांचा हक्क एकदा संपुष्टात आणला की तो कोणत्या रीतीने संपवला हे न्यायालय तपासू शकत नाही. त्या वेळी फसवणूक झाली होती असे धरून चालले तरीही. सर्वोच्च न्यायालयाने अपील दाखल करून घेतले नाही.